ब्युटीशियनला सरकारी परवाना लागतो का, आणि तो देते कोण?

पांदणवाट (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका लहान गावात राहते. वय २६, शिक्षण कला शाखेतून बारावी, पदरी तीन वर्षांचा मुलगा. घरी चार एकर कोरडवाहू वावर असून त्यात कपाशी आणि तूर असते. शेजारच्या काकूंनी शिकवलेल्या थ्रेडिंगच्या आणि साध्या फेशियलच्या जोरावर मी दोन वर्षांपासून घराच्या पुढच्या खोलीत काम करते आहे. तुळशीचे लग्न झाले आणि कापसाचा पहिला वेचा विकला गेला की माझ्याकडे बायकांची रीघ लागते, आणि मृगाच्या पेरण्या लागल्या की आरशावर धूळ बसते.

आता हे काम रीतसर शिकावे असे मनात आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी एका खासगी अकादमीत चौकशी केली, तेव्हा तीन महिन्यांच्या अभ्यासक्रमाचे ६८,००० रुपये सांगितले गेले. शेवटी ‘इंटरनॅशनल लायसन्स्ड एस्थेटिशियन’ (म्हणजे त्वचेची निगा राखणारी ब्युटीशियन) असा परवाना मिळतो, तो देशात आणि परदेशातही चालतो, आणि तो नसलेली पार्लरे सरकार लवकरच बंद करणार आहे, असे तिथल्या बाईंनी ठासून सांगितले. घरचे म्हणतात की एवढे पैसे घालायचेच असतील तर विहिरीत आडवे बोअर मारू, आणि त्यांचेही काही चूक नाही.

माझी चुलत जाऊ अमेरिकेत, टेक्सासला असते. तिकडे परवान्याशिवाय पैसे घेऊन कोणाच्या चेहऱ्याला हात लावता येत नाही, असे ती सांगते. त्यामुळे माझा गोंधळ आणखी वाढला आहे. आपल्याकडे असा परवाना खरोखर असतो का? लग्न झालेल्या, शाळा सुटून आठ वर्षे झालेल्या बाईला आयटीआयमध्ये घेतात का? आणि इथले शिक्षण उद्या तिकडे जायची वेळ आली तर उपयोगी पडते का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

निवृत्त निदेशिका (अमरावती)

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, म्हणजे ६८,००० रुपये वाचतील. डॉक्टरांना किंवा वकिलांना ज्या रीतीने सनद मिळते, त्या रीतीने ब्युटीशियनला किंवा एस्थेटिशियनला मिळणारा सरकारी परवाना भारतात नाही. तो देणारे मंडळच अस्तित्वात नसल्यामुळे कोणतीही अकादमी तो देऊ शकत नाही. ती देते ते तिचे स्वतःचे प्रमाणपत्र असते, किंवा परदेशी संस्थेशी संलग्न असेल तर त्या संस्थेची पदविका असते. सिडेस्कोसारखी सौंदर्योपचारांची आंतरराष्ट्रीय संस्था १९४६ पासून काम करते आहे आणि मोठ्या शहरांतील स्पामध्ये तिच्या पदविकेला मान आहे, परंतु तीदेखील पदविकाच होय. पुन्हा अकादमीत गेलात तर हा परवाना कोणत्या कायद्याखाली दिला जातो एवढेच विचारा आणि उत्तर लेखी मागा. बहुधा त्यानंतर तुमच्याशी फीबद्दल कोणी बोलणार नाही.

दुकानाची नोंद ही मात्र वेगळी गोष्ट आहे आणि लोक तिलाच परवाना समजतात. महाराष्ट्रातील २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार कामाला थोडीच माणसे असतील तर नोंदणीची गरज नसून व्यवसाय सुरू केल्याची ऑनलाइन सूचना द्यावी लागते. लहान उद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी ऑनलाइन आणि विनामूल्य होते, आणि बँक कर्जाच्या वेळी ती मागते. या दोन्ही कागदांवर तुमच्या व्यवसायाची नोंद असते. तुम्हाला काम येते की नाही, हे त्यांवरून कळत नाही.

काम येते हे सांगणारा कागद हवा असेल तर माझे मत सरळ आहे, आयटीआय करा. मी एकोणीस वर्षे हा व्यवसाय शिकवला, त्यामुळे माझे मत थोडे पक्षपाती आहे हे आधीच कबूल करते. पूर्वी याचे नाव बेसिक कॉस्मेटॉलॉजी होते, २०२२ च्या अभ्यासक्रमापासून नुसते कॉस्मेटॉलॉजी झाले. मुदत एक वर्षाची आहे, पात्रता दहावी उत्तीर्ण एवढीच आहे, वय किमान १४ असावे लागते आणि कमाल वयाची अट नाही. माझ्या वर्गात एकदा आई आणि लेक एकाच बाकावर बसत होत्या, आणि आईचा हात लेकीपेक्षा हलका होता. वर्षाच्या १,२०० तासांपैकी ८४० तास प्रात्यक्षिकाचे आणि २४० तास तात्त्विक भागाचे असून उरलेले रोजगार कौशल्याचे असतात. त्याशिवाय १५० तास प्रत्यक्ष पार्लरमध्ये किंवा प्रकल्पावर काम करावे लागते. उत्तीर्ण होण्यासाठी लेखीत ३३ टक्के पुरतात, प्रात्यक्षिकात मात्र ६० टक्के लागतात. हजेरी ८० टक्के हवी, हे घर सांभाळून शिकणाऱ्या बाईने आधीच लक्षात घ्यावे. अखेरीस राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते आणि ते देशभर ग्राह्य असते.

प्रवेश दहावीच्या निकालानंतर व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावरून होतो आणि गुणवत्ता दहावीच्या गुणांवर लागते, तुमच्या बारावीचा तिथे विचार होत नाही. हा व्यवसाय प्रत्येक तालुक्याच्या आयटीआयमध्ये नसतो, म्हणून पसंतीक्रम भरण्यापूर्वी तो कुठे आहे ते यादीत नीट पाहा. जाण्यायेण्याचे म्हणाल तर मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे.

एक वर्ष कशाला लागते, असे मला पालक नेहमी विचारत असत. पहिले पंधरा दिवस आम्ही कोणाच्याही चेहऱ्याला हात लावू देत नसू. मुली स्वतःच्या पिंढरीवर दोरा चालवत. दोरा ओढताना त्वचा ताणलेली नसेल तर केसाबरोबर कातडीही चिमटीत येते, हे दुसऱ्याच्या भुवईवर शिकण्यापेक्षा स्वतःच्या पायावर शिकलेले बरे. दोऱ्याचे टोक दातात धरायची सवय घरी शिकलेल्या प्रत्येकीला असते, तुम्हालाही असेल. तो दोरा गळ्यात अडकवून वापरायला शिकायलाच काही जणींना महिना लागे, कारण दात सुटले की हाताचा ताल बिघडतो. परंतु तोंडातला दोरा गिऱ्हाइकाच्या डोळ्याजवळ नेणे योग्य नव्हे.

मूळगाव आर्वी (मुक्काम ह्यूस्टन)

जाऊबाईंचे म्हणणे बरोबर आहे, फक्त त्यातला एक तपशील राहून गेला आहे. अमेरिकेत हा परवाना केंद्र सरकार देत नाही. तो प्रत्येक राज्य देते आणि प्रशिक्षणाचे तासही प्रत्येक राज्यात वेगळे आहेत. एस्थेटिशियनसाठी टेक्सासमध्ये ७५० तास लागतात, कॅलिफोर्नियात ६००, अलाबामात १,०००, तर फ्लोरिडात फेशियल स्पेशालिस्टसाठी केवळ २२०. हे तास मान्यताप्राप्त शाळेत हजेरीने भरावे लागतात. त्यानंतर बहुतेक राज्यांत लेखी परीक्षा असते आणि अनेक राज्यांत प्रात्यक्षिकही असते; कॅलिफोर्नियाने मात्र २०२२ पासून प्रात्यक्षिक परीक्षा काढून टाकली. टेक्सासमध्ये परवान्याचे दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. या परवान्यावर फेशियल, वॅक्सिंग, पापण्यांची कामे आणि मेकअप करता येतो. सुई टोचणे किंवा आजाराचे निदान करणे त्यात बसत नाही.

आता राहिलेला तपशील असा. टेक्सासमध्ये नुसते भुवयांचे थ्रेडिंग करणाऱ्यांनाही ७५० तासांचे शिक्षण सक्तीचे होते. त्याविरुद्ध थ्रेडिंग करणारी मंडळी, त्यांत आपल्या देशाकडची नावे ठळक, न्यायालयात गेली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये ही सक्ती घटनाबाह्य ठरवली. त्या ७५० तासांपैकी ३२० तासांपर्यंतच्या शिक्षणाचा थ्रेडिंगशी संबंध नाही, हे खुद्द राज्यानेही मान्य केले होते. म्हणजे तुमच्या काकूंनी शिकवलेल्या दोऱ्याला टेक्सासमध्ये परवाना लागत नाही, फेशियलला मात्र लागतो.

भारतातले कोणतेही प्रमाणपत्र, आयटीआयचे असो वा खासगी अकादमीचे, इथे आपोआप परवाना म्हणून चालत नाही. काही राज्ये परदेशातील शिक्षणाचे तास तपासून पाहतात, पण त्यासाठी विषयवार तास दाखवणारे, संस्थेच्या शिक्क्याचे पत्र लागते. ते शिकत असतानाच मागून ठेवावे, दहा वर्षांनी पत्रव्यवहार करत बसावे लागू नये. शिवाय इथे काम करण्याचा व्हिसा हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि तो कोणत्याही ब्युटी कोर्सने सुटत नाही. ‘परदेशातही चालतो’ म्हणणाऱ्या बाईंना कोणत्या राज्यात चालतो ते विचारा.

लग्नसराई (कारंजा, जि. वाशीम)

निदेशिका मॅडमचा मान राखून थोडे वेगळे सांगते. तीन वर्षांचे मूल घरी ठेवून ८० टक्के हजेरी भरणे प्रत्येकीला जमत नाही, मला जमले नव्हते. मी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेतून, म्हणजे ज्याला सगळे आरसेटी म्हणतात तिथून, ब्युटी पार्लरचे महिनाभराचे प्रशिक्षण घेतले. ही संस्था जिल्ह्यातील बँक चालवते, शिक्षण, जेवण आणि राहणे विनामूल्य असते आणि नंतर दोन वर्षे तिथली माणसे तुमच्या व्यवसायाची विचारपूस करत राहतात. बचतगटात असाल तर ‘उमेद’च्या ताईंकडून नाव लवकर जाते. त्यानंतर मी दीड वर्ष एका मोठ्या पार्लरमध्ये हाताखाली काम केले आणि खरे शिकले ते तिथे. २०२१ साली मुद्राच्या शिशू गटातून ५०,००० रुपयांचे विनातारण कर्ज घेऊन स्वतःचे पार्लर टाकले. खुर्ची, वॅक्स हीटर, स्टीमर आणि आरसे यांतच निम्म्याहून अधिक पैसे गेले.

तरीही मॅडमच्या एका वर्षाचे मोल मला एका प्रसंगाने कळले, आणि तो इथे लिहिते, कारण तो माझाच दोष होता. हाताखाली काम करत असतानाची गोष्ट आहे. वैशाखातली लग्नतिथी होती, नवरीचा हळदीचा दिवस होता आणि पार्लरमध्ये पाच जणी रांगेत होत्या. मी तिच्या वरच्या ओठावर वॅक्स लावले आणि पट्टी ओढली, तर पट्टीबरोबर कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी पातळ साल निघून आली. खाली ओली, लाल, चकाकणारी कातडी होती. नंतर कळले की ती मुलगी चार महिन्यांपासून डाग जाण्यासाठी मेडिकलमधून आणलेली एक ट्यूब रात्री लावत होती. मी विचारलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी त्या जागेवर मेकअपही बसेना. तिच्या आईने मला एक शब्द बोलून दाखवला नाही, आणि तेच मला अधिक लागले.

तेव्हापासून माझ्याकडे एक शंभर पानी वही आहे. नवीन गिऱ्हाईक आले की चेहऱ्याला सध्या काय लावता, पुरळाची औषधे चालू आहेत का, साखर आहे का, पूर्वी मेहंदीने किंवा डायने खाज आली होती का, हे विचारून लिहून ठेवते. ब्लीच असेल तर कानामागे थोडे लावून चोवीस तास थांबायला सांगते. केसांचा डाय असेल तर अठ्ठेचाळीस तास. अर्ध्या बायका या थांबण्यावरून चिडतात. चिडू द्याव्यात. काळी मेहंदी तर मी हातावर लावतच नाही. तिच्यातला गडद रंग मेहंदीच्या पाल्याचा नसतो, त्यात बहुधा केसांच्या डायमधले रसायन मिसळलेले असते आणि त्याने उठलेले फोड मी स्वतः पाहिले आहेत.

आपल्या भागातील आणखी एक अडचण शहरातल्या कोर्समध्ये कोणी शिकवत नाही. नवतपात पारा ४५ अंशांवर गेला आणि दुपारी वीज गेली की वॅक्स घट्ट धरत नाही, पट्टी ओढली तरी अंगावर चिकट थर राहतो आणि घामामुळे केस निसटतात. त्या दिवसांत वॅक्सिंग सकाळी नऊच्या आत उरकावे, आधी पावडर लावून त्वचा कोरडी करावी आणि वॅक्स स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहिल्याशिवाय गिऱ्हाइकाला लावू नये. एकदा अंगाला लागलेली काडी पुन्हा डब्यात घालू नये. ही शेवटची गोष्ट ज्या मोठ्या पार्लरमध्ये मी शिकले तिथेही पाळली जात नव्हती. तिथे चिमटे आणि ब्लॅकहेडची सुई निळ्या दिव्याच्या पेटीत ठेवली की काम झाले असे समजत. ती पेटी स्वच्छ वस्तू ठेवण्यापुरती ठीक आहे. मी हत्यारे साबणाने घासून, उकळून, मग कोरडी करून तिच्यात ठेवते.

औषधीवाला (ता. मूर्तिजापूर, जि. अकोला)

लग्नसराई ताईंनी ज्या ट्यूबचा उल्लेख केला तिच्याबद्दल दुकानदार म्हणून लिहितो. गोरेपणासाठी गावोगाव वापरल्या जाणाऱ्या अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते, काहींत त्याबरोबर हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनही असते. पहिले दोन आठवडे चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, आणि ट्यूब बंद केली की चेहरा पेटतो, म्हणून बाई पुन्हा तीच मागते. मार्च २०१८ मध्ये अशी स्टेरॉइडची मलमे अनुसूची एचमध्ये घालण्यात आली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरीही ती विकली जातात, हे आमच्याच व्यवसायाचे पाप आहे. एस्थेटिशियन होऊ पाहणाऱ्या बाईने ती पार्लरमध्ये ठेवू नयेत आणि कोणाला सुचवूही नयेत.

बिनानावाच्या डबीतल्या क्रीमपासून तर शंभर हात दूर राहावे. आमच्या अकोल्याचीच बातमी २०२३ च्या सुरुवातीला आली होती. एका घरातील आई आणि दोन मुली अशा तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतल्यावर त्यांच्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा सापडला. ते क्रीम त्यांनी ब्युटीशियनकडून घेतले होते. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा मिसळता येत नाही आणि अनवधानाने आलेला अंशही दहा लाख भागांत एका भागापेक्षा अधिक असता कामा नये. क्रीम घेताना उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक आणि मुदत छापलेली आहे का, ते पाहावे. पार्लरमध्ये कोणाचा परवाना तपासायचा असेलच तर तो या डबीवरचा तपासा.

पांदणवाट

सर्वांचे मनापासून आभार. मॅडम, दातात दोरा धरायची सवय मलाही आहे, ते वाचून मी कालपासून गळ्यात दोरा अडकवून स्वतःच्या पायावर सराव सुरू केला आहे. ताल अगदी तुम्ही म्हणता तसाच बिघडतो. लग्नसराई ताई, वही आजच घेतली. पहिल्याच गिऱ्हाइकाने, म्हणजे आमच्या पोलीस पाटलांच्या सुनेने, सांगितले की ती वर्षभरापासून तसलीच एक ट्यूब लावते. मी तिचे वॅक्सिंग केले नाही आणि तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे जायला सांगितले. ती रागावूनच गेली.

घरी असे ठरले आहे की येत्या पावसाळ्यात, गिऱ्हाईक नसताना, आरसेटीचे प्रशिक्षण घ्यावे आणि पुढच्या वर्षी मुलगा अंगणवाडीत रुळला की आयटीआयसाठी अर्ज करावा. अकादमीला नाही कळवले आहे. आरसेटी केल्यामुळे आयटीआयच्या प्रवेशाला काही अडचण येते का, एवढे सांगावे. माझी दहावीची गुणपत्रिका माहेरी दिग्रसला पेटीत आहे, ती दिवाळीला गेले की आणीन.

निवृत्त निदेशिका (अमरावती)

काही अडचण येत नाही, दोन्ही करता येते. लग्नसराई ताईंचा मार्ग मी कमी लेखत नाही, फक्त तो वर्षभराच्या शिक्षणाऐवजी नसून त्याच्या आधी असावा एवढेच माझे म्हणणे होते, आणि तुम्ही तसेच ठरवले आहे.

गुणपत्रिकेसाठी मात्र दिवाळीपर्यंत थांबू नका. तिच्यासोबत शाळा सोडल्याचा दाखलाही आणा. त्या कागदांवर तुमचे माहेरचे नाव असणार आणि आधार कार्डावर बहुधा सासरचे. कागद तपासणीच्या दिवशी एवढ्या एका कारणावरून लांबून आलेल्या बायका रडवेल्या होऊन परत जाताना मी पाहिल्या आहेत. लग्नाची ग्रामपंचायतीत नोंद झाली आहे का ते पाहा, नसेल तर आताच करून घ्या, आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्राच्या दोन प्रती गुणपत्रिकेसोबत एकाच पिशवीत ठेवा. जातीचा दाखला लागणार असेल तर तो कोणत्या नावाने आहे, तेही आजच उघडून पाहा.